मामांची पद्मिनी: घरच्या पोर्चमध्ये इंजिन उघडल्यापासून आरसी हातात येईपर्यंत

मामा २०२१ मध्ये गेले. त्यांची प्रीमियर पद्मिनी गडहिंग्लजला गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये २०१९ पासून उभी होती. १९७८ सालची, पांढरट रंगाची, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. शेवटच्या वर्षी ती पाणी खात होती. दर पन्नास किलोमीटरला रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालावं लागे, म्हणून मामांनी चालवणं थांबवलं. जानेवारी २०२३ मध्ये भंगारवाला बघून गेला आणि मामीने मला फोन केला. "तो बावीस हजार देतोय. तुला हवी असेल तर तू ने, पण आता सांग."

मी कोल्हापुरात शाळेत गणित शिकवते. त्याआधी गाडीचं ऑइल बदलण्यापलीकडे माझा हात गेलेला नव्हता. पण त्याच गाडीत मी गिअर टाकायला शिकले होते, स्टिअरिंगजवळच्या दांड्याचा. हो म्हणाले. पुढचे सतरा महिने कसे गेले ते तारखांसकट लिहून ठेवलं होतं, त्यातलं उपयोगी पडेल असं इथे देते आहे.

पहिली गोष्ट मी केली ती बरोबर होती, आणि ती शेजारच्या मिस्त्रीकाकांमुळे झाली. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. मी पान्यांचा सेट बघायला निघाले होते, तर म्हणाले, "बाई, पाना मागनं. आदी कागद बघा." गाडी मामांच्या नावावर होती आणि मामा नाहीत. मी भाची, म्हणजे थेट वारस नाही. त्यामुळे हस्तांतर दोन टप्प्यांत करावं लागलं. आधी फॉर्म ३१ भरून मामांच्या नावावरून मामीच्या नावावर, मग फॉर्म २९ आणि ३० भरून मामीकडून माझ्याकडे. फॉर्म ३१ बरोबर मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. मामेभाऊ टोरंटोला असतो. त्याने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून सही साक्षांकित करून पाठवली, त्यात तीन आठवडे गेले. सरकारी फी फार नाही, हस्तांतराची ३०० रुपये आणि स्मार्ट कार्डाची २००, असं दोनदा. वेळ मात्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलअखेरपर्यंत लागला.

याच काळात एक गोष्ट लक्षात आली. जुन्या आरसी पुस्तकातली शाई फुटलेली होती, आणि संगणकातल्या नोंदीत इंजिन नंबरातला एक ३ हा ८ झाला होता. ब्लॉकवरचा नंबर घासून, फोटो काढून दुरुस्तीचा अर्ज दिला. वर्षभराने तपासणीच्या दिवशी हे निघालं असतं तर सगळं अडलं असतं. कुणी जुनी गाडी घेत असाल तर पहिल्या दिवशी चेसिस आणि इंजिनचा नंबर स्वतः वाचा, अंक न् अंक पुस्तकाशी ताडून बघा.

बऱ्याच जणांनी विचारलं की व्हिंटेजमध्ये का नाही नोंदवलीस. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं जुनी लागते. माझी सप्टेंबर २०२८ मध्ये पन्नासची होईल. आणि झाली तरी मी विचार करीन, कारण ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मला या गाडीने गडहिंग्लजला जायचं होतं. म्हणून नेहमीची नोंदणी, पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण.

६ मे २०२३, शनिवारी सपाट ट्रॉलीच्या गाडीवरून पद्मिनी कोल्हापुरात आली. भाडं ५,५०० रुपये. पोर्चमध्ये ढकलून घेतली तेव्हा मागच्या सीटखालून उंदराचं अख्खं घरटं निघालं आणि टाकीतलं पेट्रोल वॉर्निशसारखं घट्ट नि वासट झालेलं होतं. चौथा गिअर टाकून गाडी हलवून बघितली, तर चाकं घसटली पण इंजिन फिरेना. जाम.

जाम इंजिनावर स्टार्टर मारू नका, आणि हँडल घालून दोन माणसांनी लटकूही नका. चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओतलं आणि सोडून दिलं. रोज संध्याकाळी थोडं आणखी ओतायचं, चौथ्या गिअरमध्ये गाडी बोटभर पुढे, बोटभर मागे करायची. अकराव्या दिवशी बोटभराचं वीतभर झालं. पोरगा ओरडला, "आई, पंखा फिरला!" त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

नवी बॅटरी लावून कॉम्प्रेशन बघितलं. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती जोरात दाबली जाते ते. गेज पुण्याच्या नाना पेठेतून मागवलेलं, ९०० रुपयांचं. पहिल्या सिलिंडरला १२०, चौथ्याला ११५, आणि मधल्या दोघांना ५५ आणि ५०. मग मधल्या दोन्हींत चमचाभर ऑइल घालून पुन्हा बघितलं. ऑइलने आकडा चढला तर रिंगा गेल्या असं समजायचं, नाही चढला तर हवा दुसरीकडून जाते आहे, व्हॉल्व्हमधून नाहीतर गॅसकेटमधून. माझा चढला नाही. शेजारशेजारची दोन सिलिंडर एकाच वेळी पडली की पहिला संशय दोघांमधल्या हेड गॅसकेटवर घ्यायचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधल्या पातळ थरावर. मामांच्या गाडीने पाणी का खाल्लं आणि इंजिन जाम का झालं, दोन्हींचं उत्तर तिथेच होतं. पाणी सिलिंडरमध्ये जात होतं, आणि गाडी उभी राहिल्यावर तेच तिथे गंजलं.

हेड काढायला जूनचे दोन आठवडे गेले. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत स्टडभोवती पांढरी भुकटी धरते आणि हेड सिमेंट लावल्यासारखं बसतं. मी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायच्या बेतात होते. मिस्त्रीकाकांनी हात धरला. "चर पडली तर हेड गेलं." त्यांनी सांगितलेली युक्ती फार सुंदर आहे. पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची, मावेल तेवढी, टोक बाहेर ठेवून. मग हँडलने इंजिन हळूच फिरवायचं. पिस्टन वर येतो, दोरीला दाबतो, दोरी हेडला आतून उचलते. फटीत तेल सोडत, पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला आळीपाळीने असं करत तिसऱ्या दिवशी हेड सुटलं. एक ओरखडासुद्धा न येता.

गॅसकेट दोन आणि तीनच्या मध्येच जळलेली होती. दोन नंबरच्या सिलिंडरला गंजाचे खड्डे दिसले, नख अडकेल एवढे. म्हणजे आता इंजिन बाहेर.

जुलै-ऑगस्टचा पाऊस, पोर्चला ताडपत्री, आणि दिवसाला ८० रुपये भाड्याने आणलेला चेन ब्लॉक. बॉनेट आणि रेडिएटर काढल्यावर इंजिन वरून निघतं, घाई केली नाही तर. पद्मिनी मुळात फियाटची, नटबोल्ट मेट्रिक, त्यामुळे घरातल्या १०, १३, १७ च्या पान्यांवर बरंच काम झालं. मी एक नियम केला होता: एकही बोल्ट फोटो काढल्याशिवाय सुटणार नाही आणि चिठ्ठी लिहिल्याशिवाय डब्यात जाणार नाही. आठ पुशरॉड मिठाईच्या खोक्याला भोकं पाडून १ ते ८ आकड्यांनी उभे ठेवले. व्हॉल्व्ह तसेच. ज्या जागेवर जे घासलं गेलंय ते त्याच जागी परत गेलं पाहिजे. बेअरिंगच्या कॅपवर खुणा नसतील तर काढण्याआधी पंचने ठिपके मारा. हे सगळं कंटाळवाणं आहे. सहा महिन्यांनी हातात बोल्ट घेऊन उभं राहिल्यावर हाच कंटाळा उपयोगी पडतो.

आता माझी मोठी चूक. पद्मिनीचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५. गणित केलंत तर १०८९ सीसी येतात. मी व्हर्निअरने सिलिंडरचं तोंड मोजलं, साडेअडुसष्टच्या आसपास आलं. म्हणजे मामांनी कधीतरी बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून रुंद करून, २० चे पिस्टन टाकलेत. इथे २० म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाचे वीस सहस्रांश जास्त. जुन्या पिस्टनवर २० चा छापही निघाला. मला वाटलं, मग तेच नवे आणायचे. सप्टेंबरमध्ये पुण्याला गेले, नाना पेठेत दिवसभर फिरून ५,९०० रुपयांना २० चा सेट मिळवला, रविवारी जुन्या बाजारात आणखी दोन किरकोळ वस्तू घेतल्या आणि खुशीत परत आले.

ऑक्टोबरमध्ये ब्लॉक शिवाजी उद्यमनगरात नेला. तिथल्या मिस्त्रींनी बोअर गेज घातलं, वर-मध्ये-खाली, आडवं-उभं, आणि मान हलवली. सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद झालेलं. शिवाय अंडाकृती. आणि दोन नंबरचे खड्डे काढायचे तर ४० शिवाय सुटका नाही. "बाई, पिस्टन आधी कशाला आणलासा? आधी माप, मग पिस्टन, आणि पिस्टन हातात आल्यावरच मी बोअर करणार." व्हर्निअर फक्त तोंडाशी मोजतं, झीज तर आतल्या भिंतीला होते. वर्गात मुलांना मापनातली त्रुटी शिकवणाऱ्या मला हे कळायला हवं होतं, त्याचं फार वाईट वाटलं. बिलावर 'विकलेला माल परत नाही' असं छापलेलंच होतं. तो सेट अजून कपाटात आहे.

४० चे पिस्टन शोधायला दीड महिना लागला. ३० ऑक्टोबर २०२३ ला बातमी आली की मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदवलेली होती ती. त्या संध्याकाळी माझं इंजिन तीन पाट्यांमध्ये पसरलेलं होतं. मला रडू आलं, ते नुसतं आठवणींमुळे नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळेच या गाडीचे सुटे भाग इतकी वर्षं बनत राहिले. एका दुकानदाराने फोनवर सांगितलंच होतं, "आहे ते संपलं की संपलं, मॅडम." शेवटी कुर्ल्याच्या एका दुकानात जुन्या साठ्यातला सेट मिळाला, ६,८०० रुपयांना, तेल लावून कागदात गुंडाळलेला. ४० नंतर अजून ६० ला वाव आहे. त्यापुढे गेलं तर स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) घालून बोअर मूळ मापावर आणता येतो, त्यामुळे पुढची दारं बंद झाली असं समजू नका.

याच शोधात एकाने अख्खा ब्लॉक देऊ केला, बोअर चांगला असलेला. स्वस्त पडला असता. पण ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आणि मग आरसीवर नवा नंबर चढवण्याचं वेगळं काम. मी नाही म्हणाले.

बोअरिंगला नोव्हेंबरच्या शेवटी दिलेला ब्लॉक २० जानेवारीला मिळाला. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की उद्यमनगरातली यंत्रं त्यांच्या कामात अडकतात. ज्यांना इथेच काम करून घ्यायचंय त्यांनी पावसाळ्यातच नंबर लावा. बोअरिंग-होनिंगचे २,८०० झाले. क्रँक १० ने ग्राइंड केला, २,४००. बेअरिंग ३,२०० ची. ग्राइंडिंगनंतर क्रँकमधली तेलाची भोकं रॉकेल आणि तारेच्या ब्रशने पुन्हा पुन्हा साफ करा. ग्राइंडिंगची पूड तिथे राहिली तर नवी बेअरिंग पहिल्याच तासात खरवडली जातात. मी बटाट्याच्या पोत्यावर बसून दोन रविवार तेवढंच केलं. हेडला पाण्याच्या वाटांभोवती गंज होता, तिथे आर्गन वेल्डिंग, मग फेसिंग, नवे गाइड आणि व्हॉल्व्ह, मिळून ७,५००.

फेब्रुवारी ते एप्रिल जोडणी. शाळेतून आल्यावर रोज एक तास, त्याहून जास्त नाही, कारण दमलेल्या हाताने केलेलं मला दोनदा सोडावं लागलं होतं. रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक रिंग सिलिंडरमध्ये घालून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने बघितली. ०.३० मिलिमीटरपेक्षा कमी आल्या त्या कानसेने हळूहळू घासल्या. फट कमी राहिली तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग मोडते. प्रत्येक मेन बेअरिंग कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघायचा. एखादी आवळल्यावर जड झाला तर तिथेच थांबायचं. पद्मिनीला तीनच मेन बेअरिंग, त्यामुळे हे तीनदाच करायचं असतं, पण करायचंच. हेडचे नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. टॉर्क पाना विकत घेऊ नका, तासावर भाड्याने मिळतो.

१ मे २०२४, महाराष्ट्र दिनाची सुट्टी. मिस्त्रीकाका, नवरा, पोरगा, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळे पोर्चमध्ये. प्लग न लावता स्टार्टर मारून आधी तेलाचा दाब येऊ दिला. मग प्लग लावले, किल्ली फिरवली. कार्ब्युरेटरमधून फाट्‌कन जाळ आला. पुन्हा तसंच. संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरली आणि माझा धीरही. काय चुकलं ते चार दिवस शोधत होते. फायरिंगचा क्रम १-३-४-२, तारा त्याच क्रमाने. टायमिंग चेनच्या खुणा फोटोत बरोबर.

५ मेला सकाळी एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला आणि पोराला हँडल फिरवायला सांगितलं. खूण जुळली तेव्हा अंगठ्याला दाब लागलाच नाही. म्हणजे पिस्टन वर होता, पण एक्झॉस्टच्या फेरीत. मी डिस्ट्रिब्युटर बरोबर अर्धा फेरा उलटा बसवला होता. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, त्यामुळे पिस्टन वर येतो दोनदा आणि ठिणगी हवी असते एकदाच. अंगठ्याला दाब लागेल तोच खरा वरचा बिंदू. डिस्ट्रिब्युटर काढला, फिरवला, बसवला. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. धूर, टपेटांची टकटक, आणि मग तो आवाज, जो मी लहानपणी गल्लीच्या तोंडाशी ओळखायची. मामीला फोन लावून नुसता बॉनेटजवळ धरला. ती काहीच बोलली नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मतदानाची ड्युटी होती, ७ मेच्या. गाडी तशीच ठेवून गेले.

बाकीचं भराभर सांगते. चारही चाकांना ड्रम ब्रेक, सगळे व्हील सिलिंडर जाम, ते नवे. टायर नवे. दोन्ही मिळून ३१,०००. पत्र्याचं आणि रंगाचं काम मी केलं नाही, ते बाहेर दिलं, ८५,००० झाले. रंग मूळचाच ठेवला, कारण रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. रंगाऱ्याला एकच बजावलं होतं: चेसिस नंबरच्या पट्टीवर पुट्टी नको. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं. इंजिनाचा हिशोब, कपाटातल्या पिस्टनसकट, ५३,००० वर थांबला.

आता पुन्हा कागद. नोंदणी १३ सप्टेंबर २०२३ ला संपली होती, म्हणजे ब्लॉक उघडा पडलेला असताना. १२ जूनला फॉर्म २५ भरला. पंधरा वर्षांवरच्या कारची नूतनीकरणाची फी तेव्हा, २०२४ मध्ये, ५,००० होती, उशिराचे महिन्याला ५०० प्रमाणे नऊ महिन्यांचे ४,५००, वर पर्यावरण कर. विम्यात फक्त थर्ड पार्टी घेतला. १००० ते १५०० सीसीचा हप्ता तेव्हा ३,४१६ होता आणि त्यावर जीएसटी. ४० च्या बोअरने माझं इंजिन साधारण ११२२ सीसीचं झालंय, पण गट तोच राहतो. पीयूसीला पहिल्यांदा नापास झाले. अशा जुन्या कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, माझं ४.८ आलं. तिथेच उभं राहून कार्ब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा आवळत २.६ वर आणलं. स्क्रू ड्रायव्हर सोबत ठेवा.

मुदत संपलेली गाडी चालवत तपासणीला नेऊ नका, मी ट्रॉलीवरूनच नेली. २८ जून, शुक्रवार, साडेदहाची वेळ, नंबर आला सव्वाबाराला. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हँडब्रेक बघितले. मग चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतला. तो स्वच्छ उमटला तेव्हा मी श्वास सोडला. निरीक्षकांनी इंजिन सुरू करायला सांगितलं, थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या वडिलांकडं होती." आरसी स्पीड पोस्टाने १९ जुलैला आली.

पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या वर वेग नेला नाही. त्यात गडहिंग्लजच्या दोन फेऱ्या झाल्या, एकीला मामी पुढच्या अखंड सीटवर मधोमध बसून आली. मग हेडचे नट पुन्हा टॉर्कला तपासले आणि ऑइल बदललं. निघालेल्या तेलात बारीक चकाकी होती, नव्या रिंगांची असते तेवढीच. पाणी अजून एकदाही घालावं लागलेलं नाही. मागच्या उजव्या दाराची काच अर्ध्यावर अडकते, तिचा रेग्युलेटर शोधते आहे. कुणाकडे असेल तर सांगा. बदल्यात २० च्या पिस्टनचा कोरा सेट देईन.